वांग, ऊन आणि मेडिकलमधली ट्यूब

उन्हाळी कांद्याची काढणी चालू आहे. सकाळी सातला आपण वाफ्यात बसतो ते ऊन पार डोक्यावर येईपर्यंत. म्हणून आज उन्हाचंच बोलू, आणि त्या उन्हानं चेहऱ्यावर उठणाऱ्या वांगाचं.

आमच्या गटात बऱ्याच जणींच्या गालांवर वांग आहेत. गेल्या वर्षी एकीनं मेडिकलमधून ट्यूब आणली आणि पंधरा दिवसांत तिचा चेहरा उजळला. मग काय, बैठकीत ती ट्यूब हातोहात फिरली. खोटं कशाला बोलायचं, फिरवणाऱ्या आम्हीच होतो. सहा महिन्यांनी तिला चुलीपुढं बसवेना, तोंडाची आग व्हायची. गालावर लव वाढली. ट्यूब बंद केली तर पुरळ उठलं, आणि वांग पहिल्यापेक्षा काळे. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं आणि सांगितलं, यात स्टिरॉइड आहे.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं लक्षात ठेवा. यातलं एखादं दिसलं, तर ते औषध आहे, रोज तोंडाला लावायची क्रीम नव्हे. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा सरकारी नियम २०१८ मध्ये आला, तरी मागितली की मिळतात. तुमच्यापैकी कुणी बरेच दिवस लावत असेल, तर एकदम सोडू नका, डॉक्टरांना दाखवून सोडा. आणि लिंबू चोळून शेतात जाणाऱ्यांनाही सांगतो, लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजल्यासारखी होते.

वांग बाळंतपणाच्या सुमारास येतात, गर्भनिरोधक गोळ्यांनी येतात, काही घरांत आईकडून लेकीकडे येतात. पण त्यांना खतपाणी घालतं ते ऊन. म्हणून कितीही भारी औषध लावा, ऊन अडवलं नाही तर ते पुन्हा उठतात.

ऊन अडवायचं पहिलं साधन आपल्या घरातच आहे. साडीवर घालतो तो घरधन्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, आणि डोक्या-तोंडाला बांधायचा जाड सुती रुमाल. ओढणी उजेडात धरून बघा. आरपार दिसत असेल, तर ऊनही आरपार येतं. घामानं ओलं झालेलं कापडही कमी अडवतं, म्हणून दुसरा कोरडा रुमाल जवळ ठेवा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन सगळ्यात कडक, असं समजा. निवडणं, प्रतवारी करणं अशी कामं तेव्हा झाडाखाली घ्या. मुकादम कुरकुर करील. सगळ्या मिळून बोललो तर ऐकतो, हा आमचा अनुभव.

जे झाकता येत नाही, त्याला सनस्क्रीन. "ती शहरातल्या पोरींची" असं आम्हीही म्हणायचो. डबीवर एसपीएफ ३० किंवा जास्त हवं, आणि पीए या अक्षरांपुढं अधिकची तीन चिन्हं. वांग असतील तर कातडीच्या रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली बरी, कारण वांगाला साधा उजेडही वाढवतो. पांढरी फासली की तोंड तमाशातल्या सोंगाड्यासारखं दिसतं ते वेगळंच! तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर रेघ काढा, तेवढी चेहरा आणि मानेला लागते. वाटाण्याएवढी लावून उपयोग नाही. शेतात निघायच्या वीस मिनिटं आधी लावा, घाम आला की दर दोन तासांनी पुन्हा.

आता खर्चाचं. असं दिवसातून दोनदा लावलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. सगळ्यांना परवडणार नाही, आम्हालाही परवडत नाही. म्हणून आमच्यात ठरलंय, रुमाल आणि शर्ट सगळ्यांनी. क्रीम आधी जिला वांग आहेत तिनं, आणि जिला कोड आहे तिनं. कोडाच्या पांढऱ्या जागेला उन्हापासून राखणारा रंगच नसतो, ती लवकर भाजते. घरच्यांनी कुरकुर केली, तर त्यांना गोरं व्हायला नाही, भाजू नये म्हणून लावतो, एवढं सांगा.

येत्या बैठकीला घरात असतील त्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा, अर्ध्या वापरलेल्याही. आमच्यातली जिला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसतं, ती एकेक नाव मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.