कसबाचा दाम, फाटकाचा दाम

गेल्या ईदला आमच्या घरी शिरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या होत असताना पगाराचा विषय निघाला. माझे थोरले मावसभाऊ कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लहानशा वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षे लेथवर टर्नर आहेत. भाचा लोटे परशुरामच्या एका केमिकल कारखान्यात प्रोसेस ऑपरेटर. नोकरीला उणीपुरी सहा वर्षे. भाच्याचा पगार भाईंपेक्षा चार हजारांनी जास्त निघाला. क्षणभर कोणीच बोलले नाही.

भाईंनी आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केला; हात तयार व्हायला त्यानंतर आणखी दहा वर्षे गेली. आटे पाडताना आवाज बदलला की हत्याराची धार गेली, हे ते न पाहता सांगतात. मग दाम कमी का?

भाच्याचे काम सोपे आहे, असे मी म्हणणार नाही. रिअॅक्टरचा दाब आणि तापमान रात्रपाळीत डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. लेथवर बिघडलेला जॉब भंगारात टाकता येतो; तिथली चूक अशी टाकून देता येत नाही.

पण खरा फरक हातापेक्षा फाटकाचा आहे. भाच्याच्या फाटकाआत युनियनचा वेतनकरार आहे, जादा कामाला कायद्याप्रमाणे दुप्पट दर आहे, प्रॉव्हिडंट फंड आहे. भाईंची मजुरी नगावर. काम आले नाही की मजुरी नाही. मालकालाही मोठी कंपनी दर ठरवून देते. तो तरी कुठून वाढवणार?

सरकारी दरातही कसबाला फार मोल नाही. केंद्राच्या अखत्यारीतील बांधकाम, सफाई, मालाची चढउतार अशा कामांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून 'अ' क्षेत्रात जे किमान दर लागू झाले, त्यांत अकुशल कामगाराला रोज ७८३ रुपये आणि कुशल कामगाराला ९५४. म्हणजे वर्षानुवर्षांच्या शिक्षणाची किंमत दिवसाला १७१ रुपये!

प्रॉव्हिडंट फंडाची सक्ती वीस कामगारांपासून पुढे. भाईंच्या वर्कशॉपमध्ये माणसे नऊ. भाचा म्हणाला, ''मामू, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर कमी माणसांतही फंड लागू करून घेता येतो.'' हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

पण फंडाच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते आणि पेन्शनचे वय अठ्ठावन्न. भाई आज सत्तावन्नचे. पस्तीस वर्षे हिशेबाबाहेरच गेली.

ते थोडे हसले. म्हणाले, ''माझं राहू दे. शेजारच्या लेथवर बावीस वर्षांचा पोरगा आहे. हात चांगला आहे त्याचा. त्याच्यासाठी मालकांशी बोलतो.''

ईदनंतर ते बोलले. मालक 'बघतो' म्हणाले आहेत. भाई दर शनिवारी आठवण करून देतात.