वाट सोडली तेव्हा...

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, संध्याकाळच्या आरतीनंतर झालेल्या ‘अनुभवाचे बोल’ या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम कबूल करतो की मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षं रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यातच गेली. आमच्या शाखेचं नाव ‘परमनंट वे’. म्हणजे कायमची वाट! अशा खात्यातला माणूस आज तुम्हाला वाट सोडल्याची गोष्ट सांगणार आहे. यात फुशारकी काही नाही, चूकच जास्त आहे. तेव्हा सांभाळून घ्यावे.

मी मूळचा मनमाडचा. आपल्यापैकी जे कर्नाटक एक्स्प्रेसने किंवा झेलमने गावी जातात, त्यांनी मनमाड सोडल्यावर खिडकीतून एक सुळका नक्की पाहिला असेल. अंगठा वर केल्यासारखा दिसतो. त्याला आम्ही ‘हडबीची शेंडी’ म्हणतो. त्याच्या शेजारी अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले. अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान आहे. शाळेत असताना घरी न सांगता आम्ही पोरं त्या डोंगरांत हिंडायचो. शेंडीवर चढायला दोर आणि जाणकार माणूस लागतो, तिथे अपघातही झाले आहेत, म्हणून तिच्या पायथ्यापर्यंतच जायचो. पण डोंगर आपल्याला कळतो, हा गैरसमज तेव्हापासून मनात बसला. तो पुढे तीस वर्षं टिकला.

दिल्लीत आल्यावर डोंगर सुटले. चिरंजीवांचा जन्म इथलाच. त्याला ‘सह्याद्री’ म्हटलं की शाळेतलं नकाशा भरणं आठवतं. तो अकरावीत गेला, दिवसभर दार लावून बसू लागला, तेव्हा सौ. म्हणाली, “त्याला घेऊन कुठेतरी जा. तुम्ही दोघं एकमेकांशी महिन्याभरात दहा वाक्यं तरी बोललात का?” म्हणून ठरवलं, ढोसीला जायचं.

ढोसीचा डोंगर हरियाणा-राजस्थानच्या सीमेवर, नारनौलपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. दिल्लीहून गाडीने तीन-साडेतीन तास. चहूबाजूंनी सपाट, कोरडा, वाळूचा मुलूख आणि मध्येच चारशे मीटरांच्या आसपास उठलेला उघडाबोडका, खडकाळ डोंगर. च्यवन ऋषींचा आश्रम तिथेच होता असं मानतात. हिवाळ्यात आपण जो च्यवनप्राश चमच्याने खातो, त्याचं नाव ह्यांच्यावरूनच! म्हणजे आमच्या मनमाडला अगस्ती, तर इथे च्यवन. माथा वाडग्यासारखा खोलगट आहे, म्हणून हा विझलेला ज्वालामुखी असल्याचं पुष्कळ लोक सांगतात. मात्र आमच्या हाती लागला तो दगड काही सह्याद्रीसारखा लाव्ह्याचा नव्हता. तो अरवलीचा थराथरांचा जुना दगड होता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यानेच आमची फजिती केली.

डोंगरावर जायला कुलताजपूर गावाकडून चांगल्या बांधीव पायऱ्या आहेत. सोमवती अमावस्येला हजारो लोक त्या चढतात, त्यांत आपल्या आजीच्या वयाच्या बायकाही असतात. पण आम्हाला पायऱ्या कशाला हव्यात? दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातला रविवार. मी, चिरंजीव आणि आमच्या ऑफिसातले एक सहकारी, मूळचे साताऱ्याचे. ते आज इथे दुसऱ्या रांगेत बसले आहेत. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, पण धुकं इतकं की रेवाडी गाठेपर्यंतच दहा वाजले. डोंगराच्या मागच्या अंगाला पोचायला साडेअकरा. पहिली चूक इथेच झाली. गाडीला उशीर झाला तर आम्ही पुढचं सगळं वेळापत्रक बदलतो. त्या दिवशी मी बदललं नाही.

पायथ्याला एक म्हातारे धनगर शेळ्या चारत होते. आम्ही कुठे निघालो ते पाहून म्हणाले, “सीढी तो उस तरफ है, बाबूजी.” मी हसून म्हटलं, “ताऊ, हम पहाड़ वाले हैं.” ते काही बोलले नाहीत. दुसरी चूक. डोंगर रोज पाहणाऱ्या माणसाला एवढंसुद्धा विचारलं नाही की ह्या बाजूने कोणी जातं का?

सुरुवात छान झाली. पायथ्याला वाऱ्याने आणून टाकलेली वाळू, मध्ये मध्ये खेजडीची झाडं. खेजडी म्हणजे आपली शमी बरं का! बाप्पाला आपण जी शमीची पत्री वाहतो तीच. चिरंजीवाला मी ते सांगितलं, तर त्याने चक्क एक प्रश्न विचारला. मला वाटलं, ट्रिप वसूल झाली.

वाळू संपली आणि घसारा सुरू झाला. आता हा माझ्या विषयातला भाग. रुळाखालची खडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. साधारण ६५ मिलिमीटर आकाराची, धारदार कोनांची. ती धरून राहते, कारण आम्ही ती ठोकून बसवतो आणि स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी भरून घेतो. डोंगरावरच्या घसाऱ्याला कोणी ठोकलेलं नसतं. डंपरमधून खडी ओतली की ढीग एका ठरावीक उतारावर येऊन थांबतो. त्याहून एक दगडही जास्त सहन करत नाही. घसारा म्हणजे असा थांबलेला ढीग. त्यावर पाय ठेवला की आपणच तो जास्तीचा दगड! तीन पावलं वर, दोन खाली, असं करत आम्ही पहिल्या कड्याखाली पोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि तिघांत मिळून सव्वा लिटर पाणी उरलं होतं.

इथे माझं मनमाडचं ज्ञान बाहेर आलं. आपल्याकडे सह्याद्रीत लाव्ह्याचे थर आडवे, एकावर एक रचलेले. कडा आडवा आला की त्याच्या पायथ्याच्या पट्टीवरून सरळ चालत राहायचं. पट्टी बहुधा सपाट असते आणि पुढे कुठेतरी वर जाणारी घळ सापडते. मी म्हटलं, “चला, कड्याला डावी घालून जाऊ.” पण अरवलीचे थर आडवे नाहीत. ही पर्वतरांग घड्या पडून, दबून, तिरपी होऊन उभी राहिली आहे. आमची पट्टी शंभर पावलांवर बाहेरच्या बाजूला कलू लागली, मग अरुंद झाली, आणि एका कोपऱ्यावर संपली. आमच्या भाषेत सांगायचं तर पुढे रूळच नव्हता.

मी मागे वळायचं म्हणतो आहे तोवर चिरंजीव वर! पुरुषभर उंचीची, किंबहुना त्याहून थोडी जास्तच, एक पायरी होती. उंच, सडपातळ पोरगं, दोन खोबणी धरून सरसर चढून गेलं. वरून ओरडला, “बाबा, इथून सरळ दिसतंय. वीस मिनिटांत माथा!” आणि त्याच वेळी त्याच्या पायाखालचा एक दगड सुटला. प्रवासी बॅगेएवढा असेल. मी भिंतीला चिकटलो. तो माझ्या शेजारून गेला आणि खाली उभ्या असलेल्या आमच्या सातारकरांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर आपटून फुटला.

कोणी काही बोललं नाही. खाली शेळ्यांच्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.

घड्याळात तीनला दहा कमी. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळणार. एक बाटली पाणी. आम्ही ह्या बाजूने गेलो आहोत हे घरी कोणालाही ठाऊक नाही. मी म्हटलं, “खाली उतर.” तो म्हणाला, “बाबा, वीस मिनिटं! वर गेलो की त्या बाजूला पायऱ्याच आहेत. खाली जाण्यापेक्षा वर जाणं सोपं आहे.” खरं सांगतो, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सातारकरही अर्धे त्याच्या बाजूचे होते. पण वरचे दगड सुटे आहेत हे आता मला ठाऊक झालं होतं, आणि पुढे अशा आणखी किती पायऱ्या आहेत हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मी आवाज चढवला. “उतर म्हणतो ना!”

जी पायरी तो अर्ध्या मिनिटात चढला, ती उतरायला चाळीस मिनिटं लागली. चढताना हात डोळ्यांसमोर असतात, उतरताना पाय दिसत नाहीत. तो भिंतीकडे तोंड करून लोंबकळला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज बदलला. “बाबा, पाय सापडत नाहीये.” मी खालून त्याचा बूट धरून खोबणीत ठेवत होतो. “डावा खाली. अजून चार बोटं. आता वजन टाक. हात सोडू नकोस.” त्याची पोटरी थरथरत होती आणि माझे हातही. शेवटचा पाय माझ्या खांद्यावर ठेवून तो उतरला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत रात्री-अपरात्री बरंच काही पाहिलं आहे, पण ती चाळीस मिनिटं आजही झोपेत आठवतात.

पायथ्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. बाभळीच्या काट्यांनी हात-पाय सोलले होते. ते म्हातारे धनगर काटक्या पेटवून तिथेच बसले होते. शेळ्या नातवाबरोबर घरी पाठवल्या आणि स्वतः आमच्यासाठी थांबले. मला म्हणाले, “उधर तो बकरी भी कोनी जावै.” बस्स, एवढंच. मग घरी नेऊन चहा पाजला. पैसे घेतले नाहीत.

चिरंजीव रेवाडीपर्यंत एक अक्षर बोलला नाही. मग म्हणाला, “काकांसमोर माझ्यावर ओरडायची गरज नव्हती. आपण पोचलो असतो.” घरात दार पुन्हा लागलं. सौ.ने विचारलं, “किती वाक्यं झाली?”

फेब्रुवारीत मी त्याला म्हटलं, “पुन्हा जाऊ. पायऱ्यांनी.” तो आला. दीड तासात वर होतो. शिवकुंड, च्यवन ऋषींचं मंदिर, चंद्रकूप नावाची जुनी विहीर, पडक्या तटबंदीचे अवशेष असं सारं पाहिलं. दक्षिणेकडच्या टेकड्या दाखवून मी त्याला सांगितलं की त्या दिशेला राजस्थानात पाटण आहे. २० जून १७९० रोजी, ऐन उन्हाळ्यात, महादजी शिंद्यांच्या फौजेने द बॉयनच्या पलटणींसह तिथे इस्माईल बेग आणि जयपूर-जोधपूरच्या सैन्याचा पराभव केला. आपण दिल्लीला नोकरीसाठी आलो, पण आपली माणसं ह्या वाळूत आपल्या आधी येऊन गेली आहेत.

मग आम्ही मागच्या कडेला गेलो आणि ती आमची पट्टी वरून शोधली. सापडली. त्या पायरीच्या वर सोपा उतार होता, सरळ माथ्यापर्यंत. एकही अडचण नाही. चिरंजीवाने माझ्याकडे पाहिलं. “बघा बाबा. गेलो असतो.”

मित्रहो, आणि ते खरं होतं! मी काय उत्तर देणार? तिथेच दगडावर बसलो आणि त्याला माझ्या कामातली एक गोष्ट सांगितली. थंडीच्या पहाटे रूळ आकसतो आणि कधीकधी तडकतो. आमचा पेट्रोलमन किंवा कीमन चालत येतो, तडा पाहतो, लाल झेंडी दाखवतो, गाडी थांबवतो. पुष्कळदा असं होतं की तो येण्यापूर्वी त्याच तड्यावरून एक गाडी सुखरूप गेलेली असते. प्रवाशांना पत्ताही नसतो. मग आम्ही कीमनला म्हणतो का, की अरे, आधीची गेली, ही पण गेली असती, उगाच थांबवलीस? गाडी गेली म्हणून रूळ चांगला होता असं होत नाही. ज्याला तडा दिसला, त्याने झेंडी दाखवायचीच असते. नंतर काय झालं असतं, हा हिशेब त्याने करायचा नसतो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण बाबा, तडा पडेपर्यंत गाडी तुम्हीच नेली होती.”

ह्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला सांगितली.

इथल्या तरुण मंडळींना एवढंच सांगेन की अरवली आपल्या दाराशी आहे, जरूर जा. पण आधी पायऱ्यांनी जा, डोंगर वरून पाहून घ्या. आडवाट धरायचीच असेल तर गावातला माणूस बरोबर घ्या, कुठल्या बाजूने जाणार ते घरी सांगून ठेवा, माणशी तीन लिटर पाणी न्या, एकाखाली एक उभे राहू नका आणि परत फिरायची वेळ खाली असतानाच ठरवा. जी पायरी उतरता येणार नाही ती चढू नका. आणि माझ्या वयाच्या मंडळींना सांगतो, मुलाला थांबवायचं असेल तर जरूर थांबवा, पण आधीच्या तीन चुका आपल्या आहेत हे त्याच्यासमोर कबूल करा. ओरडण्यापेक्षा ते अवघड आहे, पण रेवाडीपर्यंत गप्प बसावं लागत नाही.

चिरंजीव आज मागे साउंड सिस्टिमवर बसले आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे सांगितलं. ते मघापासून वेळ संपल्याची खूण करत आहेत, तेव्हा ह्या खेपेला मी मुकाट्याने त्यांचं ऐकतो.

गणपती बाप्पा मोरया!