चावी आणि मुक्काम

(पारशिवनी येथे बचत गटांच्या मैत्रिणींसमोर केलेलं भाषण, थोडं आवरून.)



'तंबूपासून गाडीपर्यंत' हा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून तुमच्यापैकी काहीजणी हसल्या. साहजिकच आहे. बायकांच्या बैठकीत आपण दारू, पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव यांवर बोलतो. फिरणं ही हौस. ज्यांना परवडते त्यांनी करावी, असं आपल्याला वाटतं. मी एम.एस.डब्ल्यू. झाले तेव्हापासून सुट्टी मिळाली की आम्ही चौघी मैत्रिणी फिरतो. एक परिचारिका, एक शिक्षिका, एक शिवणकाम करणारी आणि मी. आधी आठेक वर्षं तंबू घेऊन फिरलो, आता गाडीतच झोपतो. या फिरण्यात मला जे दिसलं ते हौसेपुरतं नाही, म्हणून आज बोलते आहे.

सुरुवात आपल्या आज्यांपासून करू. रामटेकची कार्तिकी पौर्णिमेची यात्रा तुम्हाला सांगायला नको. एस.टी. गावोगाव पोचण्यापूर्वी लोक यात्रेला बैलबंडीनं जात. बंडीवर तट्ट्या बांधायचा, खाली तणस, वर वाकळ. मुक्कामाला बंडी सोडली की बायकापोरं बंडीत झोपत आणि पुरुष बंडीखाली. आज शहरातले लोक 'कॅम्परव्हॅन' म्हणून जे कौतुकानं दाखवतात, ते याहून फार वेगळं नाही. चाकांवरचं घर आपल्याकडे होतंच. मात्र ते देवाच्या नावानं होतं. बाईनं घराबाहेर रात्र काढायची तर यात्रा, बाळंतपण, लग्न किंवा मयत, यांतलं काहीतरी कारण लागायचं. नुसतं 'जावंसं वाटलं' हे कारण आजही चालत नाही. आम्ही निघालो की शेजारचे विचारतात, "कुठला देव?"

आता तंबूबद्दल. एम.एस.डब्ल्यू.च्या ग्रामीण शिबिरात मी पहिल्यांदा तंबूत झोपले. पुढे आम्ही चौघींनी वर्गणी काढून दोन तंबू घेतले. तंबू स्वस्त, पाठीवर मावतो आणि कुणाच्या ओळखीच्या वावरात अर्ध्या तासात उभा राहतो. या भागात जमिनीवर झोपायचं तर मण्यारची भीती असते. हा साप रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. चावा इतका बारीक की कित्येकदा कळतही नाही. म्हणून तंबू घ्यायचा तर तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा घ्यावा. जंगलाच्या आत तर तंबू लावायचाच नाही. पेंच १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झाला. कोलितमाऱ्याचं प्रवेशद्वार आपल्याच तालुक्यात आहे, पण आत रात्री कुठेही पथारी टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बाहेरच्या वावरातून दिसणारं आकाश काही कमी नसतं. पेंचला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. इतका काळोख आता फार थोड्या ठिकाणी उरला आहे.

पण याच काळोखाची भीती आपल्याला लहानपणापासून घातलेली असते. तंबूत आम्ही चौघी कधी गाढ झोपलो नाही. तंबूला दार नसतं, चेन असते, आणि ती बाहेरूनही उघडता येते. पाऊल वाजलं की एक जण उठून बसायची. दुसरी अडचण शौचाची. अंधार पडायच्या आत जाऊन यायचं, मग सकाळपर्यंत नाही. म्हणून दुपारपासूनच पाणी कमी प्यायचं. आमच्यातली परिचारिका ओरडायची की अशानं लघवीचा जंतुसंसर्ग होतो. हे फक्त फिरणाऱ्या बायकांचं दुखणं नाही. बाजाराला जाणाऱ्या, एस.टी.त बसणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या सगळ्याजणी हेच करतात. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळीनं बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा पुष्कळांना ते नाव ऐकूनच लाज वाटली. लाज मुतारी नसण्याची वाटायला हवी होती.

मग गाडी आली. जुनी ओम्नी, चौघींनी पैसे घालून घेतलेली. मागचं सीट घडी करून त्यावर बसेल अशी फळ्यांची चौकट सुताराकडून करून घेतली. ती काढता-घालता येते. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम तसं सांगतं. म्हणून कापाकापी, वेल्डिंग काही केलं नाही. खिडक्यांना जाळी आणि पडदे शिवणकामवाल्या मैत्रिणीनं शिवले. दोघी गाडीत झोपतात आणि दोघी तंबूत, गाडीला लागून, पाळीपाळीनं. झाकणाची बादली आणि एक पडदा असल्यामुळे रात्री बाहेर जायची गरज उरली नाही. पाळीच्या दिवसांत याचं मोल काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

ज्यांना असं करायचं असेल त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगते. एक, इंजिन चालू ठेवून किंवा आत शेगडी पेटवून कधी झोपू नका. त्या धुराला वास नसला तरी माणूस झोपेतच मरतो. काच बोटभर उघडी ठेवा. दोन, स्वयंपाक गाडीबाहेर. तीन, आपल्या उन्हाळ्यात पत्र्याची गाडी म्हणजे भट्टी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आपले महिने.

गाडीनं आम्हाला सगळ्यात मोठं काय दिलं? आतून बंद होणारं दार. त्या पहिल्या रात्री आम्ही सकाळी सातपर्यंत झोपलो. फिरायला निघाल्यापासून पहिल्यांदा.

पण दार मिळालं तसे दोन नवे प्रश्नही समोर आले.

पहिला प्रश्न चावीचा. तंबू कुणाच्या नावावर नसतो, गाडी असते. गाडी घेताना एकीच्या घरून आलं, "कागदावर जावयांचं नाव टाका, पुढे सोपं जातं." आम्ही ते ऐकलं नाही. आर.सी. आमच्यातल्याच एकीच्या नावावर आहे आणि बाकी तिघींचा हिस्सा साध्या करारनाम्यावर लिहून ठेवला आहे. तेव्हा चौघींपैकी एकीलाच गाडी चालवता येत होती. आता तिघींकडे लायसन्स आहे आणि स्टेपनी चौघींना बदलता येते. हे मुद्दाम सांगते, कारण गाडी आली की चालवणारा येतो आणि चालवणारा बहुतेक पुरुष असतो. मग कुठे थांबायचं, किती वाजता निघायचं, लघवीला गाडी थांबवायची की नाही, हे सगळं तोच ठरवतो.

हे मला नीट समजावलं ते पालात राहणाऱ्या एका बाईनं. भटक्या जमातींची पालं गावाबाहेर पडतात, ती तुम्ही पाहता. कामाच्या निमित्तानं मी त्यांच्याकडे जाते. पूर्वी त्यांचा संसार गाढवांवर किंवा बैलांवर असे. आता बऱ्याच कुटुंबांनी जुना छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, घेतला आहे. पाल, भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं मागच्या हौद्यात. तंबूतून गाडीत जाण्याचा जो प्रवास आम्ही हौसेनं केला, तोच त्यांनी पोटासाठी केला. ती बाई मला म्हणाली, "गाढवं मी हाकत होती, बाई. वाट मले ठाऊक होती, कोन्या गावाले पानी हाय थे मले ठाऊक होतं. आता टेम्पो थो हाकते. मी मांगं भांड्यात बसतो."

गाडीनं तिचे पाय वाचवले, आजारी पोराला दवाखान्यात लवकर पोचवलं, हे ती नाकारत नाही. पण वाटेचा कासरा तिच्या हातातून गेला. म्हणून मी म्हणते, बचत गटातून गाडीसाठी कर्ज घेताना गाडी कुणाच्या नावावर आणि चालवायला कोण शिकणार, हे दोन प्रश्न आधी विचारा. ट्रॅक्टर असो, ऑटो असो की स्कूटी.

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. गाडी आहे, पण रात्री उभी कुठे करायची? एका गावाबाहेर आम्ही थांबलो असताना चारपाच जण चौकशीला आले. पहिला प्रश्न, "सोबत माणूस कोण?" आम्ही चौघी समोर उभ्या होतो, पण त्यात त्यांना माणूस दिसेना. शेवटी ओळखपत्रं दाखवली, एकीची सरकारी नोकरी कामी आली आणि आम्हाला राहू दिलं. मी हे त्या पालातल्या बाईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "तुमाले कारड इचारते. आमाले थे बी इचारत नाई. उठा म्हनते."

हे तिचं म्हणणं किती जुनं आहे पाहा. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण संशय गेला नाही. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारे आल्याची अफवा होती. ते परक्या गावी थांबले होते, एवढंच. परक्या गावी थांबणं आमच्यासाठी सुट्टी असते.

आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडात रोमा लोक आधी तंबूत राहत, पुढे एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या घरगाड्यांत राहू लागले. भाषेच्या आणि जनुकांच्या अभ्यासावरून या रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातूनच गेले असं दिसतं. त्यांच्या गाड्या पाहून डॉ. गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरानं १८८५ साली हौसेसाठी एक मोठी घरगाडी बनवून घेतली. गाडी हाकायला एक आणि वरकामाला एक माणूस बरोबर घेतला. त्याचं कौतुक झालं, त्यानं पुस्तक लिहिलं, १९०७ साली तिथे हौशी लोकांचा कॅरॅव्हॅन क्लब निघाला. ज्यांच्याकडून ही कल्पना घेतली त्यांना मात्र गावोगावहून हाकलणं चालूच राहिलं. २०२२ साली तिथे झालेल्या कायद्यानं परवानगीशिवाय मुक्काम केल्यास, काही परिस्थितीत, राहती गाडीच जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना दिला.

आपल्या राज्यानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या उभ्या करायला खास जागा, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह, अशी त्यात कल्पना आहे. मी त्याचं स्वागत करते. आम्हा चौघींना अशी जागा हवीच आहे. पण ही यादी पुन्हा वाचा. पाणी, दिवा, संडास, रात्री कुणी उठवणार नाही याची हमी. पालातल्या बायका हेच मागत आल्या आहेत. त्यांच्या कायमच्या घरांसाठी २०११ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, तिचा पाठपुरावा वेगळा करायला हवाच. पण ज्यांना आज रात्री थांबायचं आहे त्यांचं काय? वीटभट्टीवर निघालेली कुटुंबं, संत्रा तोडायला जाणाऱ्या टोळ्या, यात्रेकरू बायका, शेवटची एस.टी. चुकलेली मुलगी?

म्हणून आज एक ठोस काम सुचवते. प्रत्येक गावात एक मुक्कामाची जागा असावी. नवी इमारत नको. आठवडी बाजाराची जागा सहा दिवस रिकामी असते. तिथे एक नळ, रात्रभर जळणारा एक दिवा, कुलूप नसलेले दोन संडास, त्यांतला एक बायकांचा, आणि पाटीवर पोलीस पाटलांचा नंबर आणि ११२. तिथे थांबणाऱ्याला जात विचारायची नाही आणि 'सोबत माणूस कोण' हेही विचारायचं नाही. पैसे कुठून, असं विचारतील. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कशावर गेले ते आधी विचारा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ती कागदावरच होऊ देऊ नका. तिथे हा ठराव मांडा. पारशिवनीत राहणाऱ्यांनी तो नगरपंचायतीपुढे न्यावा. आज पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तेव्हा ऐकणारी बाई खुर्चीत असण्याची शक्यताही बरीच आहे.

ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. चहा झाला की गटागटानं बसून तो वाचू. आपल्या गावातली जागा कोणती, नळ किती लांब, दिव्याचा खांब कुठे, हे त्यात तुम्हीच भरायचं आहे. आणि ज्यांना गाडी शिकायची असेल त्यांनी जाण्यापूर्वी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहावं. सात नावं आधीच आली आहेत.