जिना आधी, खोल्या नंतर

हैदराबादेतल्या काचीगुडा, बरकतपुरा, इसामिया बाजार, गौळीगुडा या भागांतली आपली जुनी मराठी घरं एकेक करून पाडली जाताहेत. मधे चौक आणि भोवती पडवी असलेलं घर तीन भावांत वाटायला निघालं, की कुणाच्याच वाट्याला धड काही येत नाही. मग ठरतं, की दोनशे गज जागेवर तीन मजले चढवायचे आणि एकेकाने एकेक घ्यायचा. सगळे कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि पहिला प्रश्न निघतो, माझी बेडरूम किती बाय कितीची?

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न सगळ्यात शेवटी काढावा. जिना, पाणी, नळांची भिंत, गाड्या, गच्ची हे जे तिघांचं मिळून आहे, त्याची जागा आधी नक्की करावी. खोल्या पुढेमागे सरकवता येतात. जिना सरकत नाही.

हिशेब करून बघू. दोनशे गज म्हणजे १८०० चौरस फूट, बहुतेक वेळा ३० बाय ६०. रस्त्याच्या बाजूला दीड मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना एकेक मीटर सोडला, तर बांधायला उरतं साडेतेवीस फूट रुंद आणि पावणेबावन्न फूट लांब. बाराशे चौरस फुटांच्या थोडं वर, तेही भिंती धरून.

आता यात जिना बसवा. मजल्याची उंची स्लॅबसकट दहा फूट धरली, तर १२० इंच चढायचे आहेत. मेस्त्रीला विचाराल तर तो आठ इंची पायरी काढून पंधरा पायऱ्यांत काम उरकतो आणि वर जागा वाचवल्याचं सांगतो. राष्ट्रीय इमारत संहिता घरांसाठी १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंचांच्या वर पायरी नको म्हणते. तीन पायऱ्या वाढवून अठरा केल्या, तर पायरी पावणेसात इंचांच्याही आत येते. नऊ चढा, वळा, नऊ चढा. पाऊल ठेवायला दहा इंच आणि जिन्याची रुंदी सव्वातीन फूट ठेवली, तर आतून पावणेसात बाय सव्वातेरा फूट जागा लागते. मोठी वाटते खरी. पण लँडिंगवर वळलं नाही म्हणून दोर बांधून गॅलरीतून वर ओढलेलं गोदरेजचं कपाट या शहरात कुणी पाहिलं नाही? कपाट एकदाच चढतं, गुडघे दुखणाऱ्या आजी रोज चढतात, आणि एखाद्या रात्री स्ट्रेचरही उतरवावा लागतो.

हा जिना रस्त्याच्या बाजूला, घराबाहेर उघडणारा हवा. वरच्या मजल्यावर जाणाऱ्याला खालच्यांच्या हॉलमधून जावं लागलं, की सहा महिन्यांत बोलणं बंद. शिवाय उद्या एखादा भाऊ पुण्याला किंवा परदेशी गेला, तर त्याचा मजला पोर्शन म्हणून भाड्याने देता आला पाहिजे. याच हिशेबाने प्रत्येक मजल्याच्या पुढच्या खोलीला लँडिंगवरून एक वेगळं दार ठेवावं, आणि तिला लागून न्हाणीघर. आज तिथे मुलाचा अभ्यास चालेल, उद्या सासूबाईंची खोली होईल, परवा एखादी नोकरी करणारी मुलगी भाड्याने राहील. दाराला लागतो थोडासा खर्च, सोय मात्र तीस वर्षांची.

आता वास्तू. हैदराबादेत ती टाळून पुढे जाताच येत नाही. मी तिचा कट्टर समर्थक नाही, पण मजल्यावर मजला चढवताना तिचा एक फायदा दिसतो. तिन्ही जावा आग्नेयेलाच ओटा मागतात, त्यामुळे ओट्यावर ओटा आपोआप येतो. संडास-न्हाण्याही अशाच एकावर एक याव्यात. पाइप सरळ खाली उतरले, की वळणं कमी आणि तुंबणं कमी. वरच्या मजल्याने हौसेने न्हाणी सरकवून खालच्यांच्या देवघरावर आणली, तर पहिल्या गळतीला जे घडेल ते तुम्हाला सांगायला नको.

पूर्वमुखी प्लॉटला इथे भाव जास्त. पण तीन मजल्यांच्या घराला पश्चिमेचा रस्ता मला जास्त सोयीचा वाटतो. जिना वायव्येला पुढेच येतो, स्वयंपाकघर आणि धुण्याभांड्याची मोरी मागे पूर्वेला जाते. एप्रिल-मेचं चाळिशीपलीकडचं ऊन दुपारी पश्चिमेकडून येतं, ते जिन्याची भिंत अंगावर घेते. जूनपासून वाराही पश्चिमेचाच, म्हणून उरलेल्या भागात खोल गॅलरी काढावी.

अडचण मधल्या भागाची आहे. पन्नासएक फूट लांबीच्या घरात बाजूला एक मीटर तुमचा, एक मीटर शेजाऱ्याचा. तळमजल्यावर जेवणाच्या टेबलापाशी भर दुपारी दिवा लावावा लागतो. जुन्या घरात हे काम चौक करत होता. म्हणून मी सुचवतो, की सहा बाय आठचा छोटा चौक मधे वरपर्यंत उघडा ठेवा. यावर तिघेही कुरकुरतात, कारण प्रत्येकाचे ४८ चौरस फूट जातात. जाऊ द्यावेत. त्या चौकात सांडपाण्याचे पाइप मात्र सोडू नयेत. त्यांना न्हाण्यांच्या मागे वेगळी शाफ्ट ठेवा, प्लंबर आत उभा राहील एवढी.

पाण्याकडे वळू. बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा इथे येईतो मंजीरा होते, आणि नळाच्या पाण्याला सगळं शहर अजून मंजीराच म्हणतं, मग ते कृष्णेचं असो की गोदावरीचं. ते अनेक भागांत एक दिवसाआड येतं. तिन्ही मजल्यांची मिळून बारा माणसं धरा, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला सोळाशे लिटरच्या वर. तीन दिवसांची बेगमी करायची तर सहा फूट लांब, पाच फूट रुंद, सहा फूट खोल संप लागतो, सुमारे पाच हजार लिटरचा. बोअरचं पाणी वेगळ्या टाकीत आणि वेगळ्या पाइपात हवं, नाहीतर त्या जड पाण्याने गिझर आणि नळ दोन्ही जातात. गच्चीवर एकच मोठी टाकी बसवण्यापेक्षा तीन छोट्या बसवाव्यात, प्रत्येक मजल्याला आपली. मोटर सामाईक, तिचं मीटरही वेगळं. पाणी कुणी संपवलं आणि बिल कुणी भरायचं, हे दोन्ही वाद तिथल्या तिथे मिटतात.

खोल्यांविषयी थोडंच बोलतो. खोली किती मोठी, यापेक्षा दार कुठे आहे ते बघा. पाच दारं उघडणाऱ्या हॉलमध्ये सोफा ठेवायला भिंतच उरत नाही. बेडरूमचं दार कोपऱ्यापासून दोन फूट सोडून घ्या, दारामागे कपाट बसतं.

आणि तिन्ही मजले सारखेच हवेत हा हट्ट सोडा. तळमजल्यावर पुढे एक कार आणि चार-पाच दुचाक्या येणार. तिथलं घर लहान होणारच, ते ज्याचं कुटुंब सगळ्यात लहान, त्याने घ्यावं. तिथला हॉल मात्र पार्किंगकडे मोठ्या दाराने उघडता आला पाहिजे. महालक्ष्म्या जेवतात त्या दिवशी गाड्या रस्त्यावर काढल्या, की तिघांच्या मिळून पंगती तिथे बसतात.

२०२० च्या टीएस-बीपास या तेलंगणाच्या बांधकाम-परवानगी कायद्यापासून एवढ्या घराला, उंची दहा मीटरच्या आत असेल तर, स्वतःच्या हमीपत्रावर लगेच ऑनलाइन परवानगी मिळू लागली. चांगलंच झालं. पण अंतरं नियमात आहेत एवढीच ती हमी असते. ओटा बुटका आहे का आणि पलंग वळतो का, हे तिथे कुणी विचारत नाही.

तेव्हा पाया खणण्याआधी जागेवर चुन्याने तळमजला पुरा आखून घ्या. जिन्याच्या पायऱ्याही आखा. त्या दिवशी घरातल्या बायकांना बोलवा आणि टेप त्यांच्या हातात द्या. फ्रिज कुठे, दाराची झडप कुठे लागते, मोरीत भांडी घासायला बसल्यावर पाठ भिंतीला टेकते का, हे त्या तासाभरात शोधून काढतील. चुना पुसून पुन्हा आखायला पाच मिनिटं लागतात, खांब हलवता येत नाही.