वजावटीचे तीन लाख



सानगडीचा रोगी साकोलीहून भंडाऱ्यास, तेथून नागपुरास जातो. आणि बिलाचा आकडा जागोजागी वाढत जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कुटुंबास वर्षाला ५ लाखांचे छत्र आहे, पण ते ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांपुरतेच. म्हणून कोणी स्वस्त हप्त्याचा विमा घेतो. त्याने एक शब्द नीट वाचावा: वजावट. तेवढी रक्कम आधी आपण सोसायची, पुढची कंपनीने.

समजा, वजावट ३ लाखांची; वर्षात २-२ लाखांची दोन आजारपणे आली. 'टॉप-अप' विमा सामान्यतः प्रत्येक आजारपण वेगळे मोजतो; एक पैही देणार नाही. 'सुपर टॉप-अप' वर्षाची बेरीज धरतो. १ लाख देईल. नावात एका शब्दाचा फरक, संसारात लाखाचा!

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांना अशा मोठ्या वजावटीच्या विम्यासोबत करमुक्त आरोग्य-बचत खाते उघडता येते. तो कायदा २००३ सालचा. मात्र जोडीला दुसरा सर्वसाधारण आरोग्यविमा असला, की ती पात्रता गेली. आपल्याकडे तसे खातेच नाही. मग वजावटीचे ३ लाख कोठून आणायचे? माझे मत विचाराल, तर धान विकल्यावर दरसाल काही रक्कम पोस्टात बाजूला पडत नसेल, त्याने हप्ता जड वाटला तरी लहान वजावटीचाच विमा घ्यावा.