गवत नसलेलं गाजरगवत

तणांच्या नावांविषयी बोला, असं रेडिओ केंद्रानं सांगितलं. तणं पुष्कळ आणि वेळ थोडा, म्हणून एकच घेते. बेंगळुरूतल्या आमच्या राजाजीनगरात पाऊस पडला की रिकाम्या प्लॉटवर, गटाराच्या कडेनं जे माजतं, ते गाजरगवत.

पानं गाजरासारखी कातरलेली, म्हणून गाजर. पण गवत? ते गवत नव्हे! कुळ सूर्यफुलाचं. इथले कन्नड शेजारी त्याला ‘काँग्रेस गिडा’ म्हणतात. गिडा म्हणजे झाड, झुडूप. हे अधिक बरोबर. आपल्याकडेही ‘काँग्रेस गवत’ म्हणतातच. पांढरी फुलं पांढऱ्या टोप्यांसारखी दिसतात, म्हणून ते नाव पडलं असं लोक सांगतात. काहीजण त्याचा संबंध काँग्रेस राजवटीत अमेरिकेतून आलेल्या गव्हाशी जोडतात. १९५५च्या सुमारास पुण्यात ते नजरेत भरलं हे खरं. पण भारतात त्याची नोंद एकोणिसाव्या शतकातलीच आहे. मूळ घर मात्र अमेरिका खंडातलंच.

त्याचं तिसरं नाव माझ्या विशेष आवडीचं: चटकचांदणी. एक फूल, हातमोजा घालून, जवळून पाहा. साबुदाण्याएवढं फूल, कडेला पाच इवल्या पांढऱ्या पाकळ्या, चांदणीच्या पाच कोपऱ्यांवर पाच. हे नाव देणाऱ्यानं किती नीट पाहिलं असेल! आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर फुलांचा गुच्छ असतो. त्या पाच पाकळ्यांच्या बुडाशी पाच बिया. एका फुलात पाच, आणि एका झाडावर हजारो. पुन्हा सांगते, एका फुलात पाच बिया.

म्हणूनच रागावते. फुलं आल्यावर लोक विळ्यानं वरवर कापतात आणि तिथंच टाकतात! बी जमिनीत पडतं, बुंधा पुन्हा फुटतो. त्या झाडानं अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो, हे अनुभवानं ठाऊक असूनही!

या तणाच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोतून बेंगळुरूत आणलेला भुंगेरा १९८४ साली सोडला गेला. तो पावसाळ्यात गाजरगवताची पानं खातो. त्याच्याविषयी बरंच सांगायचं होतं, पण वेळ संपत आला. एवढंच लक्षात ठेवा: फुलं येण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. आपल्या दारासमोरचं तरी या आठवड्यात उपटाच.