आधी पारख, मग स्वीकार
(ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



नव्या वाणाचे बी हाती आले, तर जाणता शेतकरी ते सगळ्या शेतात पेरीत नाही. एका वाफ्यात लावून पाहतो. शाळेतील अथवा पंचायतीतील संगणकाच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी सहसा बाळगली जात नाही. नवी आवृत्ती आली की ती जुनीवर चढविली जाते आणि निकालपत्रके तयार करण्याच्या दिवशी दोष उघडकीस येतो.

याला उपाय आहे. पत्रव्यवहार व हिशेब यांसाठी विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रेऑफिसचे उदाहरण घेऊ. तिचे मूळ जर्मनीतील स्टारऑफिस या आज्ञावलीत आहे. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९९९ साली स्टारऑफिस विकत घेतले व २००० साली त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. त्याच परंपरेतून २०१० साली लिब्रेऑफिस स्वतंत्र झाली. संहिता खुली असल्याने तिच्यापासून आज्ञावली बांधून पाहण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

लिनक्स प्रणालीवर ही कृती अशी होते. संहिता एका स्वतंत्र कप्प्यात उतरवून घ्यावी. ‘ऑटोजेन’ ही आज्ञा दिल्यावर आवश्यक साधने संगणकावर आहेत की नाहीत, याची तपासणी होते. त्याच वेळी मराठी भाषेचीही मागणी नोंदविता येते. त्यानंतर ‘मेक’ ही आज्ञा द्यावी. साध्या संगणकास या बांधणीसाठी अनेक तास लागतात व जागाही पुष्कळ लागते. पुढील खेपेस मात्र बदललेला भागच प्रामुख्याने पुन्हा बांधला जातो. तयार आज्ञावली त्याच कप्प्यातील ‘इन्स्टडिर’ या उपकप्प्यात येते व तेथूनच चालविता येते. ‘मेक इन्स्टॉल’ ही आज्ञा देण्याचे कारण नाही. व्यवस्थापकाचे अधिकारही वापरू नयेत. नेहमीची आवृत्ती जागच्या जागी अबाधित राहते आणि काम संपल्यावर कप्पा पुसून टाकला की झाले.

दोन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. चाचणीच्या आवृत्तीची वैयक्तिक मांडणी नेहमीच्या मांडणीहून वेगळी ठेवावी. आणि मूळ दस्तऐवज कधीही न उघडता त्याची प्रतच उघडावी. अपरिपक्व आवृत्तीने जतन केलेली फाईल बिघडली, तर वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते.

‘मेक चेक’ या आज्ञेने यंत्र स्वतःची परीक्षा घेते. परंतु ‘दऱ्या’तील ऱ्य छापताना तुटला काय, विद्यार्थ्यांच्या नावांची अकारविल्हे यादी बरोबर लागली काय, देवनागरी अंक ठीक उमटले काय, हे मराठी वाचणाऱ्या डोळ्यांनीच पाहावे लागते. दोष आढळल्यास आवृत्ती कोणती, कोणती कृती केली, काय अपेक्षित होते व काय घडले, या चार गोष्टी विकासकांना कळवाव्यात. प्रकाशनापूर्वी कळविलेला दोष सर्वांच्या संगणकांवर पोहोचण्याआधीच दूर होण्याचा संभव असतो.

बांधणीचे काम प्रत्येकास जमेल असे नाही. गावातील एखाद्या शिक्षकाने वा विद्यार्थ्याने ते करावे; तलाठ्याने आपल्या कागदाची प्रत द्यावी, लिपिकाने ती छापून पाहावी. जे साधन सर्वांसाठी खुले आहे, त्यात मराठी नीट उमटावी ही जबाबदारीही सर्वांचीच आहे.